ॲरन डोनाल्ड आणि डिफेन्सिव्ह लाईनमनची नोकरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या काही वर्षांत ओळखीतले बरेच जण अमेरिकन फुटबॉल बघायला लागलेत, कुणाचा भाऊ तिकडे, कुणाची मुलगी तिकडे, आणि सगळे बोलतात फक्त क्वार्टरबॅकबद्दल. मला आवडता प्लेयर विचारला की मी ॲरन डोनाल्ड सांगतो आणि मग पुढचे प्रश्न ठरलेलेच असतात. दरवेळी तेच ते टाईप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाचं सगळं एका ठिकाणी लिहून काढलंय.

हा नक्की कोण?

पिट्सबर्गचा पोरगा. जन्म २३ मे १९९१. शाळा पेन हिल्स हायस्कूल, कॉलेज युनिव्हर्सिटी ऑफ पिट्सबर्ग, म्हणजे शाळा-कॉलेज दोन्ही गावातच. एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य लीगमध्ये, २०१४ ते २०२३ असे दहा सीझन खेळला आणि दहाही रॅम्स या टीमकडूनच. मधे पत्ता बदलला खरा, पण तो टीमचा, कारण २०१६ ला रॅम्सच सेंट लुईस सोडून लॉस एंजेलिसला गेले. जर्सी नंबर ९९.

डिफेन्सिव्ह लाईनमन करतो काय? मला तर नुसती ढकलाढकली दिसते.

पहिली दोन वर्षं मलाही तेच दिसायचं, त्यामुळे लाज वाटून घेऊ नका.

बॉल ज्यांच्याकडे आहे त्यांना (म्हणजे ऑफेन्सला) १० यार्ड पुढे जायला ४ चान्स मिळतात, एकेका चान्सला डाऊन म्हणतात. त्यांचे पाच धिप्पाड लोक पुढे रांगेत उभे असतात, मधला सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, कडेला टॅकल. सेंटर पायांमधून बॉल मागे देतो (हाच स्नॅप), क्वार्टरबॅक तो घेऊन कुणाला फेकायचा ते बघत असतो आणि या पाच जणांचं काम एकच, समोरच्यांना त्याच्यापर्यंत पोचू द्यायचं नाही. समोर हात जमिनीला टेकवून वाकलेले जे तीन-चार जण असतात ते आपले डिफेन्सिव्ह लाईनमन. पास असेल तर क्वार्टरबॅकला गाठायचं, आणि रन असेल तर आपली फट सोडायची नाही, म्हणजे बॉल घेऊन पळणाऱ्याला मधून वाट मिळत नाही. बास, कागदावर एवढंच.

फटींना नावं आहेत. सेंटर आणि गार्डच्या मधली ए, गार्ड आणि टॅकलच्या मधली बी, असं बाहेरपर्यंत. डोनाल्ड बराचसा गार्डच्या बाहेरच्या खांद्यासमोर उभा राहायचा, म्हणजे बी फटीच्या तोंडाशी. कडेने पळत येणाऱ्या एंडला, म्हणजे कडेच्या लाईनमनला, निदान मोकळी जागा मिळते, आत खेळणाऱ्याला दोन्ही बाजूंनी माणसं. म्हणून आतून क्वार्टरबॅकपर्यंत पोचणं अवघड, आणि पोचलास तर क्वार्टरबॅकची वाट लागते कारण धोका थेट तोंडासमोर येतो, त्याला पुढे सरकून सुटायची जागाच राहत नाही.

टॅकल ही पोझिशन आहे की पाडण्याची क्रिया?

दोन्ही. शिवाय ऑफेन्समध्येही टॅकल नावाची पोझिशन आहे आणि डिफेन्समध्येही. नावं ठेवणाऱ्याला कंटाळा आला असणार. डोनाल्ड हा डिफेन्सिव्ह टॅकल.

सॅक म्हणजे काय, आणि साडेवीस सॅक कसे असतात?

क्वार्टरबॅकने बॉल फेकायच्या आत त्याला रेषेच्या, म्हणजे बॉल जिथून सुरू झाला त्या जागेच्या, मागेच पाडलं की सॅक. दोघांनी मिळून पाडलं तर अर्धा अर्धा वाटून घेतात, म्हणून हे साडेवीस, साडेबारा वगैरे. लीगने हा आकडा अधिकृत मोजायला सुरुवात केली १९८२ पासून, त्यामुळे त्याआधीच्या बऱ्याच दिग्गजांचे सॅक रेकॉर्डबुकात नाहीतच.

पण सॅकबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. चांगल्या लाईनमनचं निम्म्याहून जास्त काम या आकड्यात येतच नाही. तो पोचला आणि क्वार्टरबॅकने घाईत बॉल कुठेतरी भिरकावला तर सॅक शून्य. त्याच्यावर दोन माणसं लावली म्हणून कडेचा भिडू मोकळा सुटला तर सॅक त्या भिडूच्या नावावर. कबड्डीत पकड ज्याने केली त्याचं नाव होतं, आणि ज्याने कोपरा धरून चढाईवाल्याची परतीची वाट बंद केली त्याला कोण विचारतो, तसंच आहे हे.

तो खरंच बुटका होता का?

६ फूट १ इंच! आपल्याकडे एवढ्या उंचीला बसमध्ये वाकावं लागतं. पण त्या पोझिशनसाठी हो, बुटका, आणि वजनही कमी. ड्राफ्टच्या (टीम्स पाळीपाळीने नवे कॉलेज खेळाडू निवडतात त्याच्या) आधी इंडियानापोलिसला कम्बाईन नावाची चाचणी असते, तिथे त्याचं वजन २८५ पाऊंड भरलं, म्हणजे साधारण १२९ किलो. आत खेळणारे बरेच जण ३०० पाऊंडच्या वर असतात. याच कारणाने शाळेत असतानाही मोठ्या कॉलेजांनी फारसं विचारलं नव्हतं.

त्याच कम्बाईनमध्ये या १२९ किलोच्या माणसाने ४० यार्ड ४.६८ सेकंदांत काढले. आणि २२५ पाऊंडचा, म्हणजे १०२ किलोचा बार बेंच प्रेसवर ३५ वेळा उचलला.

आणि उंचीचं म्हणाल तर या कामात कमी उंचीचा उलट फायदाही असतो, फक्त तो उठवता आला पाहिजे. ज्याचे खांदे खाली तो जिंकतो. समोरचा साडेसहा फुटी गार्ड वाकून वाकून किती वाकणार, डोनाल्ड आपोआपच त्याच्या छातीखाली शिरलेला असायचा आणि तिथून वर ढकलला की समोरच्याच्या टाचा उचलल्या जायच्या. टाच उचलली की संपलं, मग १५० किलोचा माणूस पण नुसता बाजूला सरकवायचा राहतो.

मग कॉलेजमध्ये कधी लक्षात आला लोकांच्या?

तसा आधीपासून चांगला होता, पण शेवटचं वर्ष, २०१३, निव्वळ वेडेपणा. ११ सॅक, आणि रेषेच्या मागे जाऊन समोरच्याला पाडण्याचे साडेअठ्ठावीस टॅकल. त्या वर्षी लाईनमन किंवा डिफेन्सवाल्याला मिळणारी चार मोठी बक्षिसं, आऊटलंड, नागुर्स्की, बेडनारिक आणि लोम्बार्डी, चारही याच्याच घरी. घरात शोकेस मोठं करावं लागलं असेल.

आणि तरी ड्राफ्टमध्ये १३ वा?

हो. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी १२ जण गेले. गंमत म्हणजे रॅम्सकडे त्या वर्षी दुसरा नंबरही होता आणि तो त्यांनी ग्रेग रॉबिन्सन नावाच्या ऑफेन्सिव्ह टॅकलवर घालवला, म्हणजे ज्यांनी याला घेतलं त्यांनी पण आधी दुसऱ्यालाच घेतलं होतं. अजून एक मजा, याच्या बरोब्बर आधी १२ वा गेला ओडेल बेकहम, जायंट्सकडे. पुढे २०२१ च्या सीझनमध्ये बेकहम रॅम्सकडे आला आणि १२ वा-१३ वा एकाच टीममधून सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, खेळले.

पहिल्याच वर्षी ९ सॅक आणि डिफेन्समधला बेस्ट रूकी, म्हणजे नवखा. १३ वा नंबर तिथेच मिटला म्हणायचा.

पहाटे उठून व्यायाम करायचा ती गोष्ट खरी का?

खरी. वडील आर्ची डोनाल्ड, त्यांनी घराच्या तळघरात वजनं आणून जिम केली होती आणि शाळेत असताना पोराला पहाटे साडेचारला उठवून आधी व्यायाम, मग शाळा. पोरगा तसा आळशी होता म्हणून ही शिस्त लावली. माझ्या वडिलांनी पण मला साडेपाचला उठवायचा प्रयोग केला होता, गणितासाठी, त्याचा निकाल इथे लिहीत नाही.

आणि चाकूंची?

व्हिडिओ बघून घाबरू नका, चाकू खोटे होते. पिट्सबर्गला त्याचा ट्रेनर खोटे चाकू घेऊन त्याच्या अंगावर वार करायचा आणि याने ते हाताने उडवायचे. दिसायला सिनेमा वाटतो, पण त्यामागचा विचार साधा आहे. स्नॅप झाला की पहिल्या अर्ध्या सेकंदात समोरचा दोन्ही तळवे तुमच्या छातीवर ठेवायला बघतो, जर्सी मुठीत आली की तुम्ही अडकलात. त्याचे हात छातीला लागायच्या आत मनगटाशी किंवा कोपराशी उडवायचे, आणि त्याच वेळी पाय थांबता कामा नये.

एखादा व्हिडिओ स्लो करून फक्त त्याचे हात बघा. डावा हात समोरच्याच्या कोपरावर आपटतो, त्याचा खांदा वळतो, उजवा हात पोहताना टाकतात तसा त्याच्या वरून पलीकडे, आणि तोवर याचं कंबरेखालचं अंग फटीतून पार झालेलं असतं. गार्ड अजून जिथे डोनाल्ड होता तिथेच हात पुढे करून उभा. याला जास्तीची गोष्ट एवढीच होती की बॉल हलला रे हलला की हा निघालेला असायचा, समोरच्याच्या आधी.

डबल टीम म्हणजे काय?

एकट्या गार्डला झेपत नाही म्हणून सेंटर किंवा टॅकल पण त्याच माणसावर घालायचा. डोनाल्डवर हे जवळपास रोजचंच होतं, कधीकधी तिसरा पण येऊन जाता जाता धक्का मारायचा. यात बाकीच्यांची चांदी, कारण त्यांचे पाच आणि आपले चार, एकावर दोन-तीन लावले की उरलेल्यांना एकेकट्याशीच लढायचं असतं.

सगळ्यात भारी सीझन कुठला?

२०१८, यात वाद नाही. साडेवीस सॅक, त्या वर्षी लीगमध्ये सगळ्यात जास्त. डिफेन्सिव्ह टॅकलचा आधीचा रेकॉर्ड कीथ मिलार्डचा १८ सॅकचा होता, १९८९ चा, तब्बल २९ वर्षं टिकलेला. एका मॅचमध्ये, फोर्टीनाईनर्सविरुद्ध, चार सॅक.

पण मला आठवतं ते वेगळंच. त्या सीझनच्या पहिल्या तीन मॅचमध्ये त्याचा सॅक होता शून्य. नुकताच एवढा मोठा करार झालेला, त्यामुळे लोकांनी लगेच सुरू केलं, पैसे मिळाले की झालं. त्या मॅचेस बघितल्या होत्या त्यांना माहीत होतं की माणूस दर दोन प्लेमागे क्वार्टरबॅकच्या अंगावर होता, फक्त बॉल आधी सुटत होता. आकडे मागून आले, खेळ तोच होता.

सीझनचा शेवट मात्र कडू. अटलांटाला सुपर बोलमध्ये पेट्रियट्सनी १३-३ ने हरवलं. डिफेन्सने फक्त १३ दिले आणि तरी हरले, अशा वेळी डिफेन्सवाल्याने कुणाकडे बघायचं?

करार केवढ्याचा होता आणि तो सारखा संपावर का जायचा?

सारखा नाही, दोनदा. पहिल्या राऊंडमध्ये घेतलेल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो आणि पाचव्या वर्षाचा ऑप्शन टीमकडे, रक्कम जवळपास ठरलेलीच, तुम्ही कितीही भारी खेळा. हा लीगमधला सगळ्यात भारी डिफेन्सवाला होऊन बसला तरी पगार नवख्याचा. म्हणून २०१७ ला सीझनआधीच्या सराव कॅम्पला आलाच नाही, सीझनच्या तोंडावर उगवला, पहिली मॅच बुडाली, आणि तरी १४ मॅचमध्ये ११ सॅक काढून वर्षाचा बेस्ट डिफेन्सिव्ह प्लेयर झाला. आता बोला. २०१८ ला परत कॅम्पला दांडी, मग ऑगस्टच्या शेवटच्या दिवशी सही झाली, सहा वर्षं, १३ कोटी ५० लाख डॉलर, त्यातले ८ कोटी ७० लाख गॅरंटीड. तोवर कुठल्याच डिफेन्सवाल्याला एवढा मोठा करार मिळाला नव्हता. हा मान टिकला एक दिवस, दुसऱ्या दिवशी खलील मॅकने शिकागोत त्याच्याहून मोठी सही केली.

इथे ते गॅरंटीड नीट समजून घ्या, कारण बातम्यांमध्ये नुसता मोठा आकडा छापतात. एनएफएलमध्ये टीम तुम्हाला मधेच काढून टाकू शकते आणि मग जेवढं गॅरंटीड असतं तेवढंच तुमचं, बाकी हवेत. त्यामुळे जाणकार आधी तोच आकडा बघतात. जून २०२२ मध्ये तर वेगळंच झालं, वर्षं न वाढवता राहिलेल्या तीन वर्षांचे पैसे ४ कोटी डॉलरने वाढवून दिले, एकूण ९ कोटी ५० लाख. क्वार्टरबॅक नसलेल्या माणसाला तेव्हा एवढं कुणी देत नव्हतं. मला विचाराल तर दोन्ही वेळा संप बरोबर होता. ज्या कामात एक घोटा वळला की सीझन जातो तिथे माणसाने पैसे वेळेवर मागितलेच पाहिजेत.

अवॉर्ड किती?

वर्षाचा बेस्ट डिफेन्सिव्ह प्लेयर तीनदा, २०१७, २०१८ आणि २०२०. त्याच्याआधी तीन जिंकणारे दोघेच, लॉरेन्स टेलर आणि जे. जे. वॉट. प्रो बोल, म्हणजे लीगच्या ऑल-स्टार मॅचसाठी निवड, दहापैकी दहा वेळा. ऑल-प्रो, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या निवडलेल्या टीमपैकी पहिल्या टीममध्ये, आठ वेळा. एकूण १५४ मॅच, १११ सॅक.

मग १११ हा रेकॉर्ड का?

नाही नाही. डिफेन्सिव्ह टॅकलमध्ये जॉन रँडल बराच पुढे आहे, साडे-१३७. पण रँडल १४ सीझन खेळला.

दुखापती?

मोठी म्हणावी अशी एकच, २०२२ ला घोट्याच्या वरचा लचका, ११ मॅच खेळून शेवटच्या सहा गेल्या. सॅक फक्त ५, आणि टीमची पण अवस्था वाईट, सुपर बोल जिंकल्याच्या पुढच्याच वर्षी ५ जिंकल्या १२ हरल्या. त्याआधी जानेवारी २०२१ मध्ये सिॲटलला बरगडीची कूर्चा फाटली होती, तरी पुढच्या आठवड्यात ग्रीन बेला उतरला, पण तो अर्धाच डोनाल्ड होता हे टीव्हीवरसुद्धा कळत होतं.

रागीट होता का?

मैदानावर, हो. ऑगस्ट २०२२ मध्ये बेंगल्सबरोबरच्या एकत्र प्रॅक्टिसमध्ये मारामारी झाली तेव्हा समोरच्या टीमची हेल्मेटं दोन्ही हातात धरून फिरवताना दिसला. प्रॅक्टिस असल्यामुळे कारवाई लीग नाही तर टीम करते, त्यामुळे वाचला. मी त्याचा कितीही फॅन असलो तरी याला माझ्याकडे उत्तर नाही, कुणाचं डोकं फुटलं असतं.

३२ व्या वर्षी का सोडलं? अजून चांगला खेळत होता ना?

चांगला म्हणजे, शेवटच्या सीझनमध्येसुद्धा ८ सॅक आणि ऑल-प्रो पहिली टीम. १५ मार्च २०२४ ला सांगून टाकलं, झालं. करारावरचे पैसे अजून शिल्लक होते. शरीर साथ देत होतं पण त्या तयारीची भूक राहिली नव्हती, अशा अर्थाचं तो बोललाय. साडेचारला उठायला लागल्याला वीस वर्षं झाली होती, समजू शकतो.

त्याच्यानंतर रॅम्सच्या लाईनचं काय झालं?

वाटलं तेवढं वाईट नाही. कोबी टर्नर त्याच्याच शेजारी खेळून तयार झाला होता, २०२३ ला रूकी असून ९ सॅक, म्हणजे गुरूपेक्षा एक जास्त. मग २०२४ च्या ड्राफ्टमध्ये जॅरेड व्हर्स आणि ब्रेडन फिस्क घेतले आणि व्हर्स त्या वर्षीचा बेस्ट डिफेन्सिव्ह रूकी ठरला, डोनाल्डनंतर बरोबर दहा वर्षांनी.

हॉल ऑफ फेम कधी?

रिटायर झाल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं, त्यामुळे २०२९. तोवर पिट्सबर्गला कॉलेजच्या फुटबॉल सेंटरवर त्याचं नाव लागलंच आहे, २०१९ ला त्याने मोठी देणगी दिली तेव्हापासून.

एवढं सगळं बघायला वेळ नाही, एकच प्ले सांग.

दोन सांगतो, कारण जोडीने बघायचे आहेत.

३० जानेवारी २०२२, फोर्टीनाईनर्सविरुद्ध, जिंकणारा सुपर बोलला. रॅम्स २०-१७ ने पुढे, मॅच संपत आलेली. डोनाल्ड आतून सुटतो आणि त्यांच्या क्वार्टरबॅकला, गरॉपोलोला, मिठी मारतो, गरॉपोलो गरगरत खाली जाता जाता बॉल कसाबसा पुढे ढकलतो, तो एकाच्या हाताला लागून उडतो आणि रॅम्सचा ट्रॅव्हिन हॉवर्ड झेलतो. संपली मॅच.

दोन आठवड्यांनी, १३ फेब्रुवारी, सोफाय स्टेडियम, समोर बेंगल्स, रॅम्स २३-२० ने पुढे. आपल्याकडे सोमवार सकाळ, पाचपासून बसलेलो, साडेआठ वाजून गेलेले, ऑफिसची पँट घातलेली आणि वर बनियन, आई आतून तिसऱ्यांदा विचारतेय डबा भरू का. बेंगल्सला एक यार्ड हवा. तिसऱ्या डाऊनला पळून बघितलं तर डोनाल्डने बॉल घेऊन पळणाऱ्या पेरीनला धरून जागेवर थांबवलं. चौथा डाऊन, ४३ सेकंद राहिलेली. बॉल हलला आणि हा गार्डच्या बाजूने निघून बेंगल्सचा क्वार्टरबॅक बरो याच्या कमरेला. बरो पूर्ण गोल फिरला आणि पडता पडता बॉल फेकला, तो पेरीनच्या पुढे जमिनीवर. डोनाल्ड हेल्मेट काढून पळत सुटला, एका हाताने दुसऱ्या हाताचं अंगठीचं बोट दाखवत, कारण तिकडे जिंकणाऱ्याला अंगठी मिळते.

त्या सुपर बोलमध्ये त्याचे दोन सॅक झाले होते, पण मी सांगितलेले हे दोन्ही प्ले सॅक म्हणून मोजलेच गेले नाहीत. पहिल्याची नोंद हॉवर्डच्या नावावर इंटरसेप्शन (समोरच्याचा पास झेलणं), दुसऱ्याची नुसती अपूर्ण पास. त्या दिवशी मी अर्धा तास उशिरा पोचलो आणि साहेबांना ट्रॅफिक सांगितलं.